आईपणानंतर पुन्हा नोकरी : रेझ्युमे असा लिहा

● खंड लपवू नका. ‘2019 ते 2024 : अपत्यसंगोपनासाठी पूर्णवेळ घरी’ ही एक ओळ पुरते. दिलगिरी नको. लिंक्डइनवर ‘करिअर ब्रेक’ नोंदवण्याची स्वतंत्र सोय 2022 पासून आहे.

● सुरुवात कौशल्यांपासून. कोणते काम हवे आणि त्यासाठी काय येते, हे पहिल्या तीन-चार ओळींत सांगा. त्याखाली नोकऱ्या, अलीकडची आधी.

● मधल्या वर्षांतले कामही मांडा. शिकवण्या, बचत गट, सोसायटीचा कारभार हे सगळे अनुभवच. ‘सोसायटीला मदत केली’पेक्षा ‘60 सदनिकांचे हिशेब तीन वर्षे सांभाळले’ हे वाक्य वजनदार ठरते.

● ज्ञान ताजे करा. जीएसटी 1 जुलै 2017 रोजी लागू झाला. त्याआधी लेखा विभाग सोडलेल्यांनी तो शिकून तसा उल्लेख करावा. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर अभ्यासक्रम मोफत आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क लागते.

● नावाचा घोळ टाळा. पदवी माहेरच्या नावाने असेल, तर दोन्ही नावे लिहा.

● हे गाळा. पतीचे नाव, मुलांची संख्या, धर्म, जात. हा लग्नाचा बायोडेटा नव्हे.

● खास वाटा शोधा. खंडानंतर परतणाऱ्या महिलांसाठी टाटा समूहाने 2008 मध्ये ‘सेकंड करिअर’ उपक्रम सुरू केला. इतर कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘रिटर्नशिप’ या शब्दाने शोधा.

रेझ्युमे दोन पानांत बसवा, जुन्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि याच आठवड्यात पहिला अर्ज पाठवा.