चार समजुतीच्या गोष्टी

"दारू सोडवायला कसले आले आहे शिक्षण? चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात, बायकामुलांची आठवण करून द्यावी, गळ्याची शपथ घालावी, झाले!" हा अभिप्राय मी लग्नाच्या पंगतीत ऐकला, एस.टी.त शेजारी बसलेल्या सद्गृहस्थांकडून ऐकला, आणि अधिक वैषम्य याचे वाटते की, व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणवर्गास पहिल्या दिवशी येणारे पदवीधर तरुणही बहुधा हीच समजूत बरोबर घेऊन येतात. समुपदेशन या शब्दाच्या पोटातच उपदेश बसलेला असल्याने ती आपोआप पोसली जात असावी.

मागल्या वर्गात अशाच एका तरुणाला मी समुपदेशकाच्या खुर्चीवर बसवले आणि अकरा वर्षे दारूपासून दूर राहिलेल्या एका कार्यकर्त्याला नव्या रुग्णाची भूमिका वठवण्यास सांगितले. तरुणाने "तुमच्या मुलीच्या तोंडाकडे तरी पाहा" येथून प्रारंभ करून दहा मिनिटे तळमळीने भाषण केले. तेवढ्या अवधीत समोरच्या मनुष्याने चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ओठांशी नेला, निम्मा चहा बशीत सांडला, बाहीने दोनदा कपाळ पुसले, भिंतीकडे टक लावून पाहिले, आणि यांतले काहीही त्या तरुणाच्या दृष्टीस पडले नाही.

जे त्याला दिसले नाही, तेथेच शास्त्राचा आरंभ होतो. मद्य मेंदूतील आवर घालणाऱ्या यंत्रणेचा जोर वाढवते. वर्षानुवर्षे ते रोज येत राहिले म्हणजे मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःचा आवर सैल करतो आणि उत्तेजना वाढवून ठेवतो. अशा स्थितीत मद्य एकाएकी बंद झाले की, आवर गेलेला आणि उत्तेजना मात्र कायम, अशी अवस्था होऊन हात कापतात, शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते, आणि काहींना दोन-तीन दिवसांनी भिंतीवर किडे दिसू लागून, भान सुटून, वेळीच इलाज न झाल्यास प्राणावर बेतते. म्हणून शिकलेला समुपदेशक प्रथम हात पुढे करून बोटे पसरायला सांगतो. शेवटचा पेला केव्हा घेतला, पूर्वी बंद केली तेव्हा आकडी आली होती काय, हे विचारतो. आणि संशय येताच समजुतीच्या गोष्टी तहकूब ठेवून रुग्णाला डॉक्टरच्या स्वाधीन करतो. "खोलीत कोंडा, दोन दिवसांत उतरेल" म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे कितीदा सांगावे! कोलंबो योजना या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्यसनोपचार-अभ्यासक्रमाचा पहिलाच भाग शरीरक्रिया व औषधक्रिया यांवर आहे, तो याच कारणाने.

शरीर सावरले तरी ओढ राहते. १९५४ मध्ये माँट्रियलला ऑल्ड्स आणि मिल्नर या संशोधकांनी दाखवले की, मेंदूच्या विशिष्ट भागात सूक्ष्म विद्युत्प्रवाह मिळावा म्हणून उंदीर पुनःपुन्हा कळ दाबत राहतो. पुढे वुल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांत आढळले की, प्रथम रसाचा थेंब मिळताना उसळणारा डोपामिन या मेंदूतील रसायनाचा संकेत, सवय जडल्यावर, रसाची पूर्वसूचना देणाऱ्या खुणेशीच उसळू लागतो. सकाळी मुलीच्या गळ्याची शपथ घेतलेला मनुष्य संध्याकाळी गुत्त्याच्या वळणावर का थबकतो, याचा उलगडा येथे होतो. त्याची शपथ खोटी नव्हती, परंतु ते वळण, तो वास आणि खिशातला पगार यांनी त्याच्या मेंदूला आधीच हाक दिलेली होती. सबब जाणता समुपदेशक शपथ मागत नाही. पगाराच्या दिवशी घरी कोणत्या रस्त्याने जाता, बरोबर कोण असते, हे विचारतो आणि रस्ता बदलण्याची तजवीज करतो.

यावरून मनुष्याच्या हाती काहीच नाही, असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. परंतु व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुसंख्य अमेरिकन सैनिक मायदेशी परतल्यावर पुन्हा त्या व्यसनात पडले नाहीत, हे ली रॉबिन्स यांच्या पाहणीत दिसून आले; परिस्थिती पालटली की मेंदूही पालटू शकतो. आणि त्या पालटास मदत कशी करावी, याचेही शास्त्र आहे. विल्यम मिलर यांनी १९८३ पासून मांडलेली संवादपद्धती सांगते की, आपण सोडण्याची कारणे मोजू लागलो की समोरचा पिण्याची कारणे मोजू लागतो. म्हणून ती कारणे त्याच्याच मुखातून निघतील असे प्रश्न विचारावेत. हे ऐकायला सोपे, करायला अतिशय कठीण. माझ्या विद्यार्थ्यांना गप्प बसायला शिकण्यासच महिने लागतात.

आता इतर समजुती. ज्याने स्वतः सोडली तोच सोडवू शकतो, हे अर्धसत्य आहे: १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसे मोलाचे काम करीत आली, पण त्या कामाचा पाया घालणाऱ्या डॉ. अनिता अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या. योग-ध्यानाने सर्व काही होते, हेही खरे नव्हे आणि ते निरुपयोगी, हेही नव्हे. सजगतेच्या ध्यानावर आधारलेल्या पद्धतीचा वर्षभरानंतरही लाभ दिसल्याचे २०१४ च्या एका अमेरिकन चाचणीत आढळले, उलट कानात सुया टोचण्याच्या उपचाराची कोकेनच्या ६२० रुग्णांवर चाचणी घेतली, तिचा निकाल २००२ मध्ये आला आणि खास फायदा दिसला नाही. साखळीने बांधणे हा उपचार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यास मनाई आहे.

राहता राहिली ती "न कळत दारू सोडवणारी" पुडी, जिच्या जाहिराती अद्याप भिंतींवर रंगवलेल्या दिसतात. अशा पुड्यांत कित्येकदा डायसल्फिराम असल्याचा संशय येतो. हे औषध मद्याचे विघटन अर्ध्यावर अडवते, त्यामुळे वर पेला घेतला की चेहरा लाल होतो, वांत्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, आणि दुबळ्या हृदयाच्या मनुष्याचा जीवही जाऊ शकतो. डॉक्टर हे औषध देतात, पण रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीने. घरात अशी पुडी आली असेल, तर ताई, ती आमटीत घालू नका. उद्या सकाळी पदरात बांधून सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि टेबलावर ठेवा.