बुलढाणा मतदारसंघ आणि पक्षनामांचा प्रश्न

लोकसभेच्या सदस्यसूचीत प्रत्येक नावापुढे एका पक्षाचे नाव छापलेले असते. संसदीय राजकारणाचा अभ्यास करणारा विद्यार्थी ह्या दोन रकान्यांवरूनच प्रदेशाच्या राजकीय प्रवासाचे अनुमान बांधू लागतो. ही रीत सोयीची असली तरी निर्धोक नाही. पक्षाचे नाव बदलले म्हणजे निष्ठा बदललीच असे नसते. उलट नाव तेच राहिले म्हणजे पक्षही तोच राहिला असेही नसते. बुलढाणा मतदारसंघाच्या उदाहरणावरून हा प्रश्न तपासून पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम मतदारसंघाकडे पाहू. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत बुलढाणा व अकोला मिळून एक द्विसदस्य मतदारसंघ होता आणि तो त्या वेळच्या मध्यप्रदेश राज्यात मोडत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १९७७ पासून २००४ पर्यंतच्या निवडणुकांत ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती; २००९ पासून ती सर्वसाधारण झाली. त्याच पुनर्रचनेत जिल्ह्यातील मलकापूर हा विधानसभा मतदारसंघ रावेर लोकसभा मतदारसंघात गेला. तेव्हा ‘बुलढाणा’ हे नावच एकजिनसी नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे.

आता सदस्यांकडे वळू. १९५७, १९६२ व १९६७ ह्या तिन्ही निवडणुकांत काँग्रेसचे शिवराम रंगो राणे व १९७१ मध्ये त्याच पक्षाचे यादव शिवराम महाजन निवडून आले. १९७७ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई, १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक, तर १९८४ मध्ये त्यांचे पुत्र मुकुल वासनिक विजयी झाले. त्यानंतरचा क्रम मोठा उद्बोधक आहे. १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे सुखदेव काळे, १९९१ मध्ये पुन्हा मुकुल वासनिक, १९९६ मध्ये शिवसेनेचे आनंदराव अडसूळ, १९९८ मध्ये पुन्हा वासनिक आणि १९९९ मध्ये पुन्हा अडसूळ. लागोपाठ पाच निवडणुकांत जागेने दरवेळी पक्ष बदलला. परंतु वासनिक काँग्रेसचेच राहिले आणि अडसूळ शिवसेनेचेच. येथे बदलला तो मतदारांचा कौल. ह्या बदलास पक्षांतर म्हणता येणार नाही; तो लोकशाहीचा नित्याचा व्यवहार होय. २००४ मध्ये अडसूळ पुन्हा निवडून आले. २००९ मध्ये आरक्षण उठताच ते राखीव झालेल्या अमरावतीतून उभे राहून विजयी झाले. म्हणजे तेथे मतदारसंघ बदलला, पक्ष नव्हे.

ह्याहून निराळा प्रकार म्हणजे सदस्याच्या पायाखालचा पक्षच दुभंगणे. १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली, तेव्हा चौथी लोकसभा चालू होती. १९७८ च्या आरंभी ती पुन्हा दुभंगली. १९७१ व १९८० च्या नोंदींतील ‘काँग्रेस’ हा शब्द म्हणूनच सारख्या अर्थाने वाचता येत नाही. अशा वेळी मूळ पक्ष कोणता, हे ठरविण्याचा अधिकार १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशाने निवडणूक आयोगास दिला आणि सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये तो मान्य केला.

सदस्याने स्वतः पक्ष सोडणे हा तिसरा प्रकार. त्यास आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट जोडले गेले. विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीस त्यात आरंभी अभय होते. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ते काढून टाकले. पक्षाचे विलीनीकरण होऊन त्यास दोन तृतीयांश सदस्यांची संमती असेल, तेवढ्यापुरतीच सवलत उरली.

ह्या तरतुदींची कसोटी बुलढाण्याच्या संदर्भात २०२२ मध्ये लागली. मेहकरमधून तीन वेळा विधानसभेवर गेलेले प्रतापराव जाधव २००९, २०१४ व २०१९ मध्ये शिवसेनेचे खासदार म्हणून निवडून आले होते. पक्ष दुभंगल्यावर जुलै २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बाजूस गेलेल्या १२ खासदारांत ते होते. लोकसभेत शिवसेनेचे त्या वेळी १९ सदस्य होते. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे किमान १३; १२ नव्हेत. तेराव्या सदस्याची भर नोव्हेंबरमध्ये पडली. तथापि ह्या गटाने विलीनीकरणाचा दावा केलाच नाही. आपणच मूळ शिवसेना आहोत, अशी त्याची भूमिका होती. सभापतींनी १९ जुलै २०२२ रोजी ह्या गटाच्या नेत्यास मान्यता दिली, तर १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटास दिले.

११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, फुटीचा बचाव आता उपलब्ध नाही आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा असतो, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, असे स्पष्ट केले. हा निकाल महाराष्ट्र विधानसभेतील घटनांविषयीचा असला तरी त्यातील तत्त्व संसदेसही लागू पडते. मात्र मूळ पक्ष कोणता, हेच जेथे वादग्रस्त असते, तेथे पक्ष कोणी सोडला ह्या प्रश्नाचे उत्तरही त्याच वादात अडकते. व्यक्तीच्या पक्षत्यागासाठी रचलेला कायदा पक्षाच्या दुभंगापुढे अपुरा पडतो, तो येथे.

२०२४ मध्ये जाधव सुमारे २९ हजार मतांनी विजयी झाले. त्यांचे निकटचे प्रतिस्पर्धी नरेंद्र खेडेकर हे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे उमेदवार होते. सदस्यसूचीत २०१९ व २०२४ ह्या दोन्ही वर्षांपुढे नाव तेच, पक्ष तोच, चिन्ह तेच. त्या दोन सारख्या ओळींमध्ये एक संपूर्ण दुभंग दडलेला आहे. उलट १९८९ ते १९९९ च्या पाच भिन्न ओळींत एकही पक्षांतर नाही.

तात्पर्य, अशा सूचीवरून पक्षनिष्ठेचे अनुमान करण्यापूर्वी तीन प्रश्न वेगळे करावे लागतात : कौल बदलला काय, सदस्य बदलला काय, की पक्षच बदलला? पहिल्याचे उत्तर मतपेटीत मिळते व दुसऱ्याचे सभागृहात. तिसऱ्याचे उत्तर आयोग व न्यायालय देतात. परंतु ज्याने २०१९ मध्ये धनुष्यबाणापुढे मत नोंदविले, त्या मतदारास ते विचारले जाण्यास पाच वर्षे लागतात. सदस्य हा मतदारांचा, पक्षाचा की चिन्हाचा, हा जुना प्रश्न ह्या पाच वर्षांच्या अंतरात अद्यापि अनिर्णित आहे.