शेवटी येणारीही पोहोचतेच

पडेगावहून दौलताबादच्या रस्त्याला पहाटे सायकली निघतात, त्यांत आता बायकाही दिसतात. मात्र खरी शर्यत घरी परतल्यावर मोबाईलवर सुरू होते. किती किलोमीटर, किती वेग, याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतात. चाळिशीत पहिल्यांदा सायकल हाती घेतलेली एखादी आपा लिहिते, "आज आठ किलोमीटर झाले." उत्तर येते, "एवढेच?" या एका शब्दाने तिची सायकल पुन्हा जिन्याखाली जाते.

लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' सायकलिंगची रीत इथे शिकण्यासारखी आहे. ती फ्रान्समधून आली. आपल्याकडे 'ऑडॅक्स इंडिया'च्या नियमांनी चालते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे. पण पहिला-दुसरा क्रमांक कुणालाच नाही. नवव्या तासाला येणारी आणि तेराव्या तासाला येणारी, दोघींचा मान सारखाच. वाटेत सोबतिणीच्या पंक्चरसाठी थांबले तरी कमीपणा येत नाही. चढाओढ असते ती घड्याळाशी.

तेव्हा बहिणींनो, वेग जरूर वाढवा, आकडेही टाका. पण नव्या बहिणीच्या आठ किलोमीटरला आधी "माशाअल्लाह" म्हणा. मग विचारा, "उद्या सोबत निघू या का?"