डावीकडे द्यावे, उजवीकडून घ्यावे

ऊलाँग हा ना धड हिरवा चहा, ना काळा. खुडलेली पाने कोमेजवून घोळसतात, कडा दुखावून तांबूस होऊ लागल्या की तापल्या भांड्यात परतून रंग तिथेच थांबवतात. केव्हा थांबवावे हे ज्याच्या त्याच्या हातावर; म्हणून शेजारच्या दोन मळ्यांची चवही जुळत नाही, आणि शौकिनांना परस्परांचा चहा चाखल्यावाचून चैन पडत नाही.

या चहासाठी नावाजलेल्या तैवान बेटावर स्पर्धांत ३ ग्रॅम पाने दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात मुरवून परीक्षक प्रत लावतात. तेथेच १९९० साली ‘वू-वो’ म्हणजे ‘मीपणाविना’ अशी एक चहाबैठक सुरू झाली, तिची तऱ्हा अगदी उलट. चिठ्ठी निघेल त्या जागी वर्तुळात बसायचे. चहा, भांडी, गरम पाणी सारे घरचे. चार पेले भरायचे. तीन डावीकडच्या तिघांना, चौथा आपल्याला. उजवीकडून तीन येतात. यजमान कोणी नाही, पाहुणाही नाही.

दिले त्याच्याकडून परत काही यायचे नाही, तेव्हा परतफेडीचा हिशेबच मिटला! शिवाय बोलायची बंदी. पहिल्याच घोटाला ‘साखर कमी पडली’ म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना हे जड जाईल. पण खरी कसोटी जाणकाराची. कडवट पेला आला तरी तो मुकाट्याने संपवायचा, आणि आपला उत्तम चहा शेजाऱ्याला रुचला की नाही, हे विचारायचे नाही.

ठरलेल्या फेऱ्या संपल्यावर मंडळी थोडा वेळ तशीच बसतात. मग आपापले पेले पुसून सामान आवरतात.