युरोपचे टोक नक्की कुठे?



आमचे नॉर्वेला जायचे ठरले, तेव्हा साताऱ्याच्या आजीने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "तिथे म्हणे सूर्य मावळतच नाही. मग तिन्हीसांजेचा दिवा लावतात कधी?" आम्हाला उत्तर सुचले नाही. "परत आल्यावर सांगू," असे म्हणून आम्ही फोन ठेवला.

आम्ही गेलो होतो नॉर्डकापला, म्हणजे इंग्रजीतल्या नॉर्थ केपला. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला मागेरोया नावाचे बेट आहे आणि त्या बेटाचे हे भूशिर. आल्टा गावापासून गाडीने साधारण २४० किलोमीटर. वाटेत झाडे ठेंगणी होत जातात आणि शेवटी दिसेनाशीच होतात. बेटावर जायला पूर्वी बोट लागत असे. १९९९ साली समुद्राखालून जवळजवळ सात किलोमीटरचा बोगदा झाला. तो समुद्रसपाटीच्या खाली २१२ मीटरपर्यंत उतरतो. थंडीत आत पाणी गोठू नये म्हणून त्याच्या तोंडांना दारे आहेत आणि गाडी जवळ आली की ती आपोआप उघडतात. धाकट्याला हे फार आवडले. रेनडिअरसाठी मात्र बोगदा नाही. सामी लोक आपले कळप उन्हाळ्यात या बेटावर चरायला आणतात आणि शरद ऋतूत तेच कळप खाडी पोहून परत मुख्य भूमीवर जातात.

बेटावरचे मोठे गाव म्हणजे होनिंग्सवोग. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते जाळले. उभे राहिले ते फक्त १८८५ साली बांधलेले चर्च. परत आलेले लोक आधी त्या चर्चमध्येच राहिले. आज दिसणारी रंगीत घरे सगळी त्यानंतरची.

आता मुख्य गोष्ट. नॉर्डकापचा कडा ३०७ मीटर उंच आहे. त्यावर लोखंडी पट्ट्यांचा पोकळ पृथ्वीगोल उभा केला आहे आणि सगळे त्याच्यापुढे फोटो काढतात. आम्ही पोचलो त्या रात्री इतके धुके होते की तो गोलसुद्धा दहा पावलांवर गेल्यावर दिसला. सूर्य नाही, समुद्र नाही. उन्हाळ्यात तिथे धुके नेहमीचेच. धाकटा रडकुंडीला आला. जवळच सात मोठ्या गोल चकत्या उभ्या आहेत. सात देशांच्या सात मुलांनी १९८८ साली केलेल्या कामांवरून त्या बनवल्या आहेत. त्या पाहून तो जरा सावरला.

थोरली मात्र नकाशा घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, हे टोक नाहीच आहे! शेजारचं पुढे गेलंय."

तिचे बरोबर होते. नॉर्डकाप ७१ अंश १० मिनिटे २१ सेकंद उत्तर अक्षांशावर आहे. शेजारचे क्निव्हशेलोडेन हे टोक आहे ७१ अंश ११ मिनिटे ८ सेकंदांवर. फरक ४७ सेकंदांचा. मुलांनो, हे गणित तुम्हीही करा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १८६० मीटर, तर ४७ सेकंद म्हणजे किती? उत्तर साधारण १४५० मीटर येते. म्हणजे खरे टोक जवळजवळ दीड किलोमीटर पुढे.

मग नाव याचेच का झाले? १५५३ साली काही इंग्रजी जहाजे उत्तरेकडून चीनला जायची वाट शोधत निघाली होती. त्यांतले रिचर्ड चॅन्सेलरचे जहाज या किनाऱ्यावरून गेले आणि 'नॉर्थ केप' हे नाव त्या सफरीत पडले. (चीन काही सापडला नाही. चॅन्सेलर मॉस्कोला पोचला.) समुद्रावरून दिसतो तो उंच काळा कडा. क्निव्हशेलोडेन म्हणजे पाण्यात घुसलेली खडकाची बुटकी जीभ, ती लांबून कोणाच्या लक्षात येणार?

त्यात आणखी एक मेख आहे. मागेरोया हे बेट आहे. युरोपच्या मुख्य भूमीचे टोक पाहिजे असेल, तर ते पूर्वेला किन्नारोडेन येथे, ७१ अंश ८ मिनिटांवर. आणि बेटे मोजायची म्हटली, तर नॉर्वेचेच स्वालबार्ड कितीतरी उत्तरेला आहे. "मग पाटीवर खोटं लिहिलंय का?" धाकट्याने विचारले. आमच्यात यावर मोटारीत बराच वाद झाला. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आकाश निवळले आणि आम्ही क्निव्हशेलोडेनला चालत जायचे ठरवले. जायला नऊ किलोमीटर, यायला नऊ. दगडांचे ढिगारे रचून वाट दाखवली आहे. संध्याकाळी सहाला निघालो, अंधार पडायची भीती नव्हतीच. अर्ध्या वाटेत धाकट्याच्या टाचेला फोड आला. आम्ही मागे फिरायला तयार होतो, तो मात्र होईना. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन, पट्टी बांधून पुढे निघालो. टोकावर एक नोंदवही आहे, तिच्यात त्याने आपले नाव देवनागरीत लिहिले. समोर नॉर्डकापचा कडा अख्खा दिसत होता. कड्यावर उभे राहून तो असा कसा दिसणार!

आणि सूर्य. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे, म्हणून उन्हाळ्यात उत्तर टोकाकडचा भाग चोवीस तास सूर्यासमोर राहतो. इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तो मावळत नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मध्यरात्री तो बरोबर उत्तरेला, क्षितिजाच्या साडेचार अंश वर असतो. हात ताठ करून तीन बोटे आडवी धरा, साधारण तेवढा. सगळेजण बाराच्या ठोक्याला फोटो काढतात. पण तिथले घड्याळ आणखी पूर्वेकडच्या रेखांशाप्रमाणे चालते, त्यामुळे सूर्य सर्वांत खाली येतो तो बारा वाजून वीस मिनिटांनी. आम्ही थांबून पाहिले. तो खाली आला, जरा आडवा सरकला आणि पुन्हा वर चढू लागला.

वास्तविक इतक्या उत्तरेला समुद्र गोठायला हवा. अलास्कात याच अक्षांशाच्या आसपास उटक्यागविक (पूर्वीचे बॅरो) आहे, तिथे हिवाळ्यात तो गोठतोही. नॉर्वेच्या किनाऱ्याला अटलांटिकमधला उबदार प्रवाह येऊन लागतो, म्हणून होनिंग्सवोगचे बंदर बाराही महिने चालू असते. तरी हिवाळ्यात नॉर्डकापच्या रस्त्याचा शेवटचा भाग एकट्याने ओलांडता येत नाही. ठरलेल्या वेळी, बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागून, रांगेने जावे लागते.

परत आल्यावर आजीला सांगितले, की तिथे लोक घड्याळ पाहून झोपतात, खिडक्यांना जाड काळे पडदे लावतात, आणि आम्ही सातला परवचा म्हणून घेतला. "आणि हिवाळ्यात?" तिने विचारले. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून दोन महिने सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा निळसर उजेड येतो, एवढेच.

"अगंबाई," आजी म्हणाली, "तेल किती लागत असेल!"