तुरीच्या पोत्यातील स्फुरद

लातूरच्या अडत बाजारात तुरीचा सौदा ठरताना दाण्याचा रंग, ओलावा, काडीकचरा आणि डागी दाण्यांचे प्रमाण पाहिले जाते आणि क्विंटलवर भाव निघतो. त्या एका क्विंटलबरोबर शेताच्या मातीतील सुमारे ३५० ग्रॅम स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, बाजारात आलेले असते. त्याची नोंद ना अडत्याच्या वहीत होते, ना शेतकऱ्याच्या.

वजन किरकोळ वाटेल. परंतु स्फुरदावाचून दाणा भरत नाही. पेशीतील जनुकद्रव्याचा कणा त्याचाच, पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या रेणूतही तेच. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे ७०० ग्रॅम असते, त्यातील बहुतांश हाडे आणि दातांत.

त्याच क्विंटलात साधारण साडेतीन किलो नत्रही असते. त्याची चिंता एवढी नाही. तुरीच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू नत्र हवेतून मिळवितात, आणि हवेचा जवळजवळ चार पंचमांश भाग नत्रच आहे. कर्बही पानांना हवेतूनच लाभतो. स्फुरदाला असा आकाशमार्ग जवळजवळ नाही. सहारातील धूळ वाऱ्यावर अटलांटिक महासागर ओलांडून ॲमेझॉनच्या अरण्याला वर्षाकाठी सुमारे २२ हजार टन स्फुरद पोहोचविते, हा एक विलक्षण अपवाद. एरवी मूळ खजिना खडकातच. पाऊस आणि मुळांतून स्रवणारी आम्ले तो खडक हळूहळू झिजवितात. सुटलेले स्फुरद मुळातून पानात, पानातून जनावरात, शेणातून पुन्हा मातीत फिरत राहते. एकदा का ते नदीवाटे समुद्राच्या तळाशी बसले, की तो तळ उचलला जाऊन जमीन होईपर्यंत कोट्यवधी वर्षे लोटतात.

पिकलेले धान्य गावातच खाल्ले जाई, तोवर शेण, राख आणि उकिरड्याचे खत यांच्या वाटेने बरेचसे स्फुरद शिवारात परतत असे. रेल्वे आली, शहरे वाढली, धान्य शेकडो कोसांवर जाऊ लागले. यात व्यापाराचा दोष काढता येणार नाही. शहराला अन्न हवेच होते. मात्र गाडी धान्य घेऊन गेली आणि रिकामी परतली.

ही उणीव युरोपला आधी जाणवली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेरूच्या चिंचा बेटांवर साचलेले समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे प्रचंड थर खणून जहाजांनी नेण्यात आले. खणणारे बहुतेक कराराने बांधून आणलेले चिनी मजूर होते, आणि त्यांचे हाल भयंकर झाले. शतकानुशतके साचलेले ते थर काही दशकांतच संपले. दरम्यान १८४२ मध्ये इंग्लंडच्या जॉन बेनेट लॉज यांनी सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले, आणि पुढे खत म्हणजे खाणीतला खडक असे समीकरण झाले. आज जगातील ज्ञात साठ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक साठा मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहे. भारतात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे खाण आहे खरी. परंतु देशाची बहुतांश गरज आयातीवर भागते.

डीएपीच्या ५० किलोंच्या गोणीत सुमारे दहा किलो स्फुरद असते. हिशेबाने ते जवळजवळ तीस क्विंटल तुरीला पुरावे. प्रत्यक्षात पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला त्यातील थोडेच येते. उरलेले काळ्या मातीत चुन्याशी बांधले जाते. येथे तुरीचेच एक नवल सांगण्याजोगे आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की तुरीची मुळे एक विशिष्ट आम्ल स्रवून तांबड्या जमिनीत लोहाशी जखडलेले स्फुरद मोकळे करतात. इतर अनेक पिकांना जे कुलूपबंद, त्याची किल्ली तुरीपाशी आहे.

शहरात आलेले स्फुरद अखेर सांडपाण्यात उतरते. एका प्रौढ माणसाच्या शरीरातून वर्षाकाठी साधारण अर्धा किलो. ते पाण्यात गेल्यावर काय होते, हे कॅनडातील डेव्हिड शिंडलर यांच्या १९७३ च्या प्रयोगाने स्पष्ट केले. एका तलावाचे पडदा टाकून दोन भाग केले. दोन्हींत कर्ब आणि नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात. तो भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेले ते छायाचित्र पुढे धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवर निर्बंध आणण्यास फार उपयोगी पडले. पंचगंगेवर दाटणारी जलपर्णी अशाच पोसलेल्या पाण्यावर वाढते: शेताला हवे असलेले खत नदी खात असते.

जर्मनीने २०१७ मध्ये नियम केला, की २०२९ पासून मोठ्या मैलापाणी केंद्रांना गाळातील स्फुरद वेगळे काढून परत वापरात आणावे लागेल. महाराष्ट्रात या कामाची सोपी सुरुवात डाळमिलपासून आणि स्वयंपाकघरापासून होऊ शकते. तुरीची टरफले आणि चुणी गोठ्यात जातात, गोठ्यातून शेणखत होते. भाजीची देठे आणि साली वेगळ्या ठेवल्या तर त्यांचेही खत होते. ते खत भरून नेण्यासाठी बाजारातून परतणारी रिकामी गाडी उभीच असते.