नदी आपली आपण शुद्ध होते काय?

वाहत्या पाण्याला विटाळ नाही, चार कोस वाहत गेले की ते आपोआप निर्मळ होते, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की शहराचे सांडपाणी नदीत सोडताना कोणाही कारभाऱ्याच्या मनाला फारशी टोचणी लागत नाही. आणि ती सर्वस्वी खोटी नाही, म्हणूनच अधिक घातक ठरली आहे. नदीत पडलेल्या सेंद्रिय मळाचे विघटन जिवाणू खरोखरच करतात, परंतु त्या कामी पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो, आणि ती तूट हवेतून भरून येण्यास अवधी लागतो. अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासावरून स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये या जमाखर्चाचे गणित मांडले. त्यानुसार प्राणवायूचा नीचांक गटाराच्या मुखाशी गाठला जात नाही. तेथून बऱ्याच अंतरावर, जिवाणूंचे काम ऐन भरात आलेले असते अशा जागी तो येतो, आणि तेथून पुढेच पाणी हळूहळू सावरू लागते. वरच्या शहराने सोडलेल्या मैल्याचा खरा जाच खालच्या गावच्या माशांना आणि माणसांना होतो तो असा. आणि नदी सावरू पाहत असतानाच त्या गावानेही आपला नाला तिच्यात सोडला, की सावरणे पुढच्या मुक्कामापर्यंत तहकूब. पाणी तापले तर अडचण दुहेरी होते. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो, ३० अंशांना तो साडेसातावर येतो, आणि उष्ण पाण्यात जिवाणूंची भूक मात्र वाढलेली असते. पारा, शिसे, क्रोमियम यांच्यासारख्या धातूंचा तर येथे प्रश्नच वेगळा. त्यांना कोणताही जिवाणू नाहीसे करू शकत नाही, ते गाळात जाऊन बसतात आणि मासळीच्या वाटेने परत येतात.

या पापाचा धनी कारखानदारच, असे म्हणून आपण नागरिक मोकळे होतो. कारखान्यांचा अपराध लहान नाही, हे खरे. तथापि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अंदाजाप्रमाणे देशाच्या शहरी भागात दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यांपैकी जेमतेम २०,२३५ दशलक्ष लिटरांवर प्रक्रिया होत होती. उरलेले पाणी तुमच्याआमच्या मोऱ्यांतले आणि संडासांतले. त्याच मंडळाने २०२२ मध्ये देशातील नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित ठरविले, त्यांत ५५ पट्ट्यांसह महाराष्ट्र अग्रस्थानी होता. प्रगत म्हणविणाऱ्या राज्याला हा मान भूषणावह नव्हे. मुळा-मुठेवर किंवा पंचगंगेवर दरसाल पसरणारी जलपर्णी हाच मूळ रोग आहे असे समजून ती उपसण्याचे ठेके दिले जातात, परंतु मैल्यातील नत्र आणि स्फुरद यांवर पोसलेली ती वनस्पती रोगाचे लक्षण आहे, आणि पोषण चालू राहिले तर ती परत येणारच.

आता, सांडपाणी तेवढेच असले तरी नदीत ते विरळ करण्यास पाणी किती आहे, यावर सारे अवलंबून असते, आणि येथेच दुसरा, कदाचित अधिक खोल रुजलेला गैरसमज आडवा येतो: समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा १९०१ ते १९६० या काळात वर्षाला सरासरी सुमारे ५७ अब्ज घनमीटर पाणी बंगालच्या उपसागराला देत असे. धरणे आणि कालवे वाढत गेले तसतसे हे प्रमाण घटत जाऊन चालू शतकाच्या आरंभीच्या दुष्काळी वर्षांत जवळजवळ नगण्य झाले. शेतीला पाणी मिळाले, हा लाभ कोणी नाकारणार नाही. मात्र मुखाकडे जाणारे ते पाणी रिकाम्या हाताने जात नव्हते. त्रिभुज प्रदेशाची झीज भरून काढणारा गाळ तेच नेत होते, खाऱ्या पाण्याला खाडीत फार आत घुसू देत नव्हते, आणि वाटेत मळ विरळ करीत होते. धरणाच्या भिंतीमागे गाळ अडला की एकीकडे जलाशय उथळ होतो आणि दुसरीकडे किनारा खचतो. किनाऱ्याचे हे नुकसान पाटबंधारे खात्याच्या हिशेबवहीत सहसा नोंदले जात नाही. गंगेच्या वरच्या टप्प्यापुरते तरी केंद्र सरकारने २०१८ मध्ये अधिसूचना काढून उगमाकडील हिमनद्यांपासून देवप्रयागमार्गे हरिद्वारपर्यंतच्या भागात हिवाळ्यात मासिक सरासरी प्रवाहाचा २० टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के भाग नदीतच राहू देण्याचे बंधन घातले, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

पाणथळीविषयी तर आपले महसुली दप्तरच गैरसमजाला हातभार लावते. जिच्यावर आकार बसत नाही ती जमीन पोटखराबा, आणि पोटखराबा म्हणजे भराव घालण्यास मोकळी, हा विचारक्रम इतका सरळ आहे की त्यात काही चुकते आहे हे ध्यानातही येत नाही. वस्तुतः दलदल पुराचे पाणी पसरू देते, वेग मंदावून गाळ बसविते, नत्र आणि स्फुरद शोषून घेते. ती निसर्गनिर्मितच असली पाहिजे, असेही नाही: निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, आणि अभियंत्यांच्या लेखी निरुपयोगी ठरत चाललेले ते नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाले. गंमत अशी की पाणथळींविषयीच्या १९७१ च्या रामसर कराराने कृत्रिम पाणथळींना स्थान दिले असताना आपल्या देशाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येबाहेर ठेवले आहेत. पक्षी आले म्हणजे पाणी शुद्ध, हाही निष्कर्ष मात्र घाईचा. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात त्याला सांडपाण्यावर वाढणारे शेवाळ काही अंशी कारण असावे, असे अभ्यासकांचे अनुमान आहे.

हवामान बदलून पाऊस वाढेल, मग नद्यांना पाणीच पाणी, असे म्हणणारेही भेटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच प्रदेशातील मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र घटत गेली. आपल्या महाराष्ट्रातल्या नद्या हिमनद्यांवर पोसलेल्या नाहीत; दिवाळीनंतर त्यांत जे वाहते ते पावसाळ्यात बेसॉल्टच्या भेगांतून मुरलेले आणि पुढे हळूहळू पाझरणारे पाणी. चार तासांत कोसळून गेलेल्या पावसाला मुरण्यास सवड मिळत नाही, आणि जे थोडे मुरते ते खोल विहिरी व कूपनलिका आधीच उपसून घेतात. श्रावणात पूर आणि फाल्गुनात कोरडे पात्र, हे दोन्ही एकाच नदीला एकाच वर्षी घडते यात म्हणूनच काही विसंगती नाही. आणि गटाराचे पाणी श्रावणात जितके असते तितकेच फाल्गुनातही त्या पात्रात उतरत राहते.